दादांची अकराची गोळी आणि माझी अर्धी

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांना गोळी द्यायला सांगितली. फोन माझ्या मेव्हण्याचा, संदीपचा होता. सकाळचे दहा वाजून गेले होते आणि मी कचेरीत नुकताच खुर्चीत टेकलो होतो. संदीप म्हणाला, "दाजी, दादा ऑफ झाले." मी म्हणालो, "बरं, घाबरू नको. सकाळी दूध घेतलं होतं का त्यांनी? अकराची गोळी अकरालाच दे, आधी देऊ नको. तोवर आडवं करू नको, उशीला टेकवून बसव." मागे बायकांचे आवाज येत होते, तरी माझ्या डोक्यात उजेड पडेना. पाणी लहान पेल्यातून दे, अशी आणखी एक सूचना मी वर केली. मग संदीप अगदी हळू म्हणाला, "दाजी… तसं ऑफ नाही. गेले ते."

'ऑफ झाले' म्हटल्यावर बाकीच्या घरांतली माणसं पायात चपला सरकवून निघतात. आमच्या घरात गेली सहा वर्षं या शब्दाला दुसराच अर्थ होता. दादा म्हणजे माझे सासरे. त्यांना पार्किन्सन्स होता. गोळी लागू झाली की ते 'ऑन' असायचे, म्हणजे चालायचे, बोलायचे, माणसांची टिंगल करायचे. गोळीचा असर उतरला की 'ऑफ'… पाय फरशीला चिकटल्यासारखे, चेहऱ्यावर काही उमटायचं नाही, शर्टाचं एक बटण लावायला पाव तास. हे दोन शब्द आम्हाला डॉक्टरबाईंनी दिले आणि आम्ही ते लाइटच्या बटणासारखे दिवसभर वापरायला लागलो. त्यातून व्हायचं ते एकदा झालंच. सुरुवातीच्या वर्षी मी नातेवाइकांच्या ग्रुपवर मोठ्या जबाबदारीने लिहिलं, 'दादा सकाळी सातपासून ऑफ. संदीप जवळ आहे. काळजी नसावी.' दहा मिनिटांत ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. दादांचे साडू, सटाण्याचे नाना, यांनी तर दोन माणसं घेऊन जीप काढली आणि दुपारी दुखवट्याची टॉवेल-टोपी घेऊन मखमलाबादच्या मळ्यात उतरले. दादा शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत बसले होते. नानांच्या हातातली पिशवी बघून म्हणाले, "या नाना. टोपी माझ्या मापाची आणली ना?" मग त्यांनी ग्रुपवरचे सगळे संदेश मला मोठ्यानं वाचायला लावले. "हा नाना माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी तोंडावर नाय बोलला," असं म्हणून ते खुर्चीत हसत राहिले. नाना मात्र रडत होते. टोपी दादांनी ठेवून घेतली.

दादांचा जन्म फुलांत गेला. गुलाब, शेवंती, मधे झेंडू. वीस गुलाब मोजायला त्यांना डोळे लागत नसत. बोटांनीच विसावं फूल कळायचं, मग रबर, मग कागदाची गुंडाळी. आजाराची पहिली खूण तिथेच दिसली. जुडी सैल येऊ लागली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, रिकामं असलं की तंबाखू मळल्यासारखं एकमेकांवर फिरायचं, आणि दादांनी जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती. निदान झालं त्या दिवशी घरात सगळ्यांचे चेहरे उतरले होते. दादांनी डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, "माप काय आणि येळ काय, ते सांगा. फवारणीचं बी तेच असतंय." बाईंना हा पेशंट फार आवडला. जेवणाआधी अर्धा तास गोळी. गोळीच्या वेळेला दूध, डाळ, पनीर नको, कारण ते गोळीला वाटेत अडवतात, हवं तर रात्रीच्या जेवणात घ्या. उठताना आधी काठावर बसा, मग उभे राहा, नाहीतर डोळ्यांपुढे अंधारी येईल. कितीही बरं वाटलं तरी गोळी एकदम बंद करायची नाही आणि कितीही वाईट वाटलं तरी मनाने वाढवायची नाही. उलट्या झाल्या आणि दुसऱ्या दवाखान्यात जावं लागलं, तर आधी सांगायचं की हा आजार आहे, कारण उलटीची काही औषधं या आजाराला चालत नाहीत. ही शेवटची गोष्ट दादांनी कागदावर लिहून घेतली आणि बंडीच्या खिशात ठेवली. त्याच खिशात एक पत्र्याची डबी असायची, पूर्वी सुपारीची, आता गोळ्यांची. ते मनगटावरचं घड्याळ बघायचे, डबी काढायचे, गोळी घ्यायचे, डबी टप्पकन बंद करायचे. सातला, अकराला, तीनला, सातला. पाच वर्षं एकही वेळ चुकली नाही.

चुकलो मी. त्याचं सांगायचं तर आधी माझ्या तक्त्याचं सांगावं लागेल, आणि ते सांगताना मला आत्ताही खुर्चीत नीट बसवत नाही. मी विम्याच्या कचेरीत कारकून आहे. रकाने आखणं सोडलं तर मला दुसरी कुठलीही कला येत नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, हात कधी हलतो, कधी हलत नाही, याची नोंद ठेवा. मी दुसऱ्या दिवशी चार रंगांचा तक्ता तयार केला. वेळ, गोळी, जेवण, आणि शेवटचा रकाना 'हलणं'. त्यात हललं की बरोबरची खूण. बाईंनी तक्ता बघून "वा!" म्हटलं, त्या एका 'वा'वर मी बरेच महिने फुगून फिरत होतो. घरी बायको, म्हणजे मनीषा, म्हणायची, "दादांना तपासायचंय, त्यांची पॉलिसी काढायची नाहीये."

गेल्या वर्षी मनीषा आमच्या लेकीकडे पुण्याला गेली. संदीप आणि त्याची बायको शेवंतीच्या तोडणीत होते. मी चार दिवसांची रजा टाकून तक्त्यासह मखमलाबादला मुक्कामाला गेलो. पहिल्याच दिवशी रकाना भरायला लागला. बारा वाजता हलणं. साडेबाराला हलणं. चारला हलणं. आणि साधंसुधं नाही… दादांचा खांदा पुढे जायचा, मान गोल फिरायची, एक पाय आपोआप उचलायचा, भजनात रंगलेल्या माणसासारखं सगळं अंग डोलायचं. दादांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. ते तसे डोलत डोलत माझ्याशी गप्पा मारत होते. पण माझ्या रकान्यात खुणांची गर्दी झाली होती, आणि मी कारकुनी हिशोब केला. हलतं म्हणजे आजार वाढला. आजार वाढला म्हणजे गोळी कमी पडते. बाईंना फोन लावला, त्या बाहेरगावी होत्या. त्यांच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, "व्हिडिओ काढून पाठवा, मॅडम संध्याकाळी बघतील." व्हिडिओ! माझ्याकडे चार रंगांचा तक्ता असताना! दुसऱ्या सकाळी मी अडकित्ता घेतला, एका गोळीचे दोन तुकडे केले आणि अकराच्या गोळीबरोबर दादांच्या तळहातावर अर्धी जास्त ठेवली.

दादांनी हाताकडे बघितलं. "हे काय? दीड?"

"डोस वाढवलाय."

"बाईंना इचारलं का?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. दोन अक्षरंसुद्धा नाहीत त्यात. दादा म्हणाले, "मग ठीक हाय," आणि गिळून टाकली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना क्षणही लागला नाही, आणि तेच मला आज चावतं. एरवी हा माणूस औषधाच्या दुकानदाराचंही ऐकायचा नाही. फवारणीच्या बाटलीवरचं बारीक अक्षर भिंग लावून वाचायचा.

त्या दिवशी डोलणं वाढलं. मी समजूत घातली की गोळी भिनायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी मी तीनच्या गोळीलाही अर्धी जोडली. तिसऱ्या दिवशी दुपारी दादा मला म्हणाले, "जावईबापू, गुलाबात पांढरी गाय शिरू राह्यली, हाकला तिला." मी काठी घेऊन गेलो. सगळे वाफे बघितले, कुंपण बघितलं, चिखलात चप्पल रुतली ती काढली. गाय नव्हती. परत येऊन सांगितलं, तर दादा शांतपणे म्हणाले, "तुमच्या मागंच तर हुभी हाय." मी मागे वळून बघितलं. आजही सांगतो, बघितलं. तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. डोलता डोलता दादा प्लास्टिकच्या खुर्चीवरून घसरले होते. ओठ फुटला होता. ते जमिनीवरही हलत होते, आणि मला त्यांना धरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात होतो. मनीषा पहाटेच्या गाडीने परत आली होती. तिने दादांचा एक हात धरला होता, संदीपने दुसरा. मी तक्ता धरला होता. बाईंनी तक्ता बाजूला ठेवला आणि दादांकडे दोन मिनिटं नुसतं बघितलं. मग मला विचारलं, "हे हलणं गोळीच्या आधी होतं की नंतर?"

"नंतर. तासाभराने."

"आणि तुम्ही ते त्याच रकान्यात लिहिलंत?" त्यांनी दादांचं बोट धरून मला दाखवलं. "हे जे तंबाखू मळल्यासारखं होतं ना, ते थरथरणं. ते औषध कमी पडलं की येतं. आणि हे अंग डोलतंय, ते औषध जास्त झाल्याने. दोन्ही हलणंच, पण उपाय अगदी उलटे. आणि ती गाय, तीही जास्तीच्या गोळीतनं आलीय." मग त्यांनी चष्मा काढला. "डोस मी वाढवला नव्हता. कुणी वाढवला?"

मी तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगतो, उघडलं होतं. पण माझ्या आधी दादा बोलले. खाली मान घालून, डोलत, फुटक्या ओठाने. "म्या घेतली बाई. तीन दिस. म्हटलं, लवकर आराम पडंल."

"दादा!" मनीषा इतक्या मोठ्याने ओरडली की बाहेरची मुलगी डोकावली. "इतकं समजावून सांगितलं तरी? लहान आहात का?" मी माझ्या तक्त्याकडे बघत होतो. चार रंग होते त्यात.

बाईंनी डोस हळूहळू पूर्वपदावर आणला, मग त्याहून थोडा कमी केला, रकान्याचे दोन रकाने करायला लावले, 'थरथर' आणि 'डोलणं', आणि शेवटी म्हणाल्या, "यापुढे गोळ्या यांच्या हातात नकोत. घरच्यांनी वेळेवर समोर द्यायच्या." त्या संध्याकाळी ती सुपारीची डबी संदीपच्या लोखंडी कपाटात गेली. सकाळ-संध्याकाळची गोळी संदीप देई, मधल्या दोन मनीषा. आमच्या पंचवटीच्या घरापासून मळा स्कूटरवर पंधरा मिनिटांचा. ती रोज दोनदा जायची. गोळी द्यायची, पाणी द्यायची आणि म्हणायची, "आ करा. जीभ वर करा." कारण दादा गोळ्या साठवून ठेवतील आणि एकदम घेतील, अशी धास्ती तिच्या मनात बसली होती. बंडी धुवायला टाकताना ती खिसे दोनदा उलटे करायची. दादांचा हात मात्र अकरा वाजले की सवयीने बंडीच्या खिशाकडे जायचा आणि नुसताच परत यायचा.

रविवारी मी त्यांची दाढी करायला जायचो. आजार वाढल्यापासूनचं ते माझं काम. पुढच्याच रविवारी मी गालाला साबण लावता लावता म्हणालो, "दादा, मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"कशाला?"

"चूक माझी होती."

"ती मला ठाव नाय का? बाईंना इचारलं नव्हतं, ते मला त्याच दिशी कळलं. तुम्हाला खोटं बोलता येत नाय, कान लाल होत्यात तुमचे."

"मग घेतली का?"

"तुम्ही इतक्या उत्साहात व्हता…" ते थांबले. साबण ओठात गेला होता, तो मी पुसला. "आन् सांगून काय? तुम्हाला लाज वाटंल. मग तुम्ही यायचे नाय. मग रईवारी माझी दाढी कोण करंल, संद्या? तो गाल सोलतो."

मी हसलो. मला ते सोयीचं होतं म्हणून हसलो. मग दर रविवारी मी ठरवून निघायचो की आज मनीषाला सांगायचं, आणि मखमलाबादच्या रस्त्याला लागेपर्यंत पुढच्या रविवारवर ढकलायचो. दादांनी तक्रार म्हणून एकदाच काही म्हटलं. दिवाळीच्या आसपास, वस्तरा मानेखाली असताना, वर छताकडे बघत. "मनी करती ते समदं बरोबर हाय. पण ते तोंड उघडाया लावती ना… घरात सून असती, नातू असतो. तेवढं बरं नाय वाटत." मी म्हणालो, "सांगतो मी तिला." आणि सांगितलं ते एवढंच की, अगं, जरा हळू बोलत जा त्यांच्याशी. ती म्हणाली, "तुम्हाला काय होतं हळू बोलायला? तुमचे वडील गाय बघत होते का?"

आठ महिने असे गेले. दादा पुन्हा जुड्या बांधू लागले होते, सैल का होईना. तक्त्यात 'डोलणं' जवळजवळ रिकामं होतं. मग थंडीत छातीत कफ झाला, चार दिवस दवाखान्यात होते, तिथेही मनीषा गोळ्यांच्या वेळेसाठी नर्सबाईंशी भांडत होती. घरी आणलं, आणि दुसऱ्या सकाळी तो फोन. नंतर डॉक्टरबाईंना मी एकटाच भेटून विचारून आलो की माझ्या अर्ध्या गोळीने काही… त्या म्हणाल्या, नाही, त्याचा याच्याशी संबंध नाही. त्यांनी दोनदा सांगितलं. मी तिसऱ्यांदाही विचारणार होतो, पण बाहेर पेशंट थांबले होते. आज पाच आठवडे झाले. अजून अकरा वाजले की मी कचेरीत उठून उभा राहतो. कुठे जायचं ते सुचत नाही, मग पाणी पिऊन येतो. शिपाई म्हणतो, साहेबांना मधुमेह झालाय.

गेल्या रविवारी सटाण्याचे नाना भेटायला आले. आम्ही मळ्यातच होतो, मनीषा आणि मी. संदीपने कपाट आवरायला काढलं होतं. पलंगावर दादांच्या वस्तू मांडल्या होत्या, त्यात ती डबी आणि गोळ्यांची तीन पाकिटं. नाना चहा पिताना बशी हातात धरत होते, आणि बशी वाजत होती. माझं लक्ष गेलं तसे ते ओशाळून म्हणाले, "मना हात बी हालस आता. वय झालं." आणि पाकिटांकडे बोट करून म्हणाले, "आता ह्या वाया जातीन. मला द्या ना. साडूची आठवण म्हणून घेईन, अन् गुण बी येईन."

"नाही," मी म्हणालो. इतक्या जोरात की बशी वाजायची थांबली.

"अरे, जावई असून काय हा कंजूसपणा! एकदम नाही घेणार. अर्धी-अर्धी घेऊन पाहीन."

"नाना, अर्धी नको. तुमचा हात कशाने हलतो ते तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. थायरॉइडने हलतो, भीतीने हलतो, दुसऱ्या औषधाने हलतो. मंगळवारी मी रजा टाकतो, आपण डॉक्टरबाईंकडे जाऊ. पण ह्या गोळ्या नाही."

"दादांनी नाही का मनाने घेतल्या होत्या? चांगले चालले ना त्याच्यानंतर आठ महिने!"

नाना बिचारे सहज बोलले. सगळ्या नात्यात तेच माहीत होतं. दादांनी हट्टाने जास्त गोळ्या घेतल्या, पडले, गाय बघितली. नाना ते उद्या सटाण्यात आणखी दहा जणांना सांगतील, आणि दादांची म्हणून तेवढी एकच गोष्ट राहील… मी म्हणालो, "दादांनी नाही घेतल्या. मी दिल्या. अडकित्त्याने तोडून, बाईंना न विचारता. दादांनी विचारलं तर हो म्हणून सांगितलं. दवाखान्यात त्यांनी माझी चूक स्वतःवर घेतली आणि मी घेऊ दिली."

नानांनी बशी खाली ठेवली. दारात मनीषा उभी होती, कपाटाच्या किल्ल्या हातात घेऊन. नाना तिच्याकडे एकदा आणि माझ्याकडे एकदा बघून म्हणाले, "मंगळवारी येतो मग," आणि निघाले. शेडपर्यंत पोचवायला मी गेलो, उगाचच त्यांच्या जीपचं दार दोनदा लावलं. परत आलो तर मनीषा पलंगावर बसली होती. डबी तिच्या मांडीवर होती. ती उघडत होती, मिटत होती. टप्प. टप्प. मी दाराशी उभा राहिलो. आत जावं की बाहेरच थांबावं, ते कळत नव्हतं.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आठ महिने रोज दोनदा मी त्यांना तोंड उघडायला लावलं. तुम्हाला एकदाही उघडता आलं नाही?"